दर पावसाळ्यात चार्जिंग जातं? पोर्टातलं मीठ बघा

आमच्या भागातल्या वायरमनकाकांचा मोबाईल तीन पावसाळ्यांत तीनदा माझ्या टेबलावर आला. तिन्ही वेळा तक्रार तीच. चार्जिंग धरत नाही, धरलं तर वायर वाकडी करून धरावी लागते, आणि मधूनच पाण्याच्या थेंबाचं चित्र येऊन पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना. तिन्ही वेळा मी सीसी बोर्ड बदलला, म्हणजे खालची ती छोटी पट्टी, जिच्यावर चार्जिंगचं पोर्ट बसवलेलं असतं. पहिल्या वर्षी काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी ‘माल हलका आला असेल’ म्हणून मजुरी घेतली नाही. तिसऱ्या वर्षी काका तापले.

“अरे, पावसाचा एक थेंब लागू देत नाही मी याला. रेनकोटच्या आत, शर्टाच्या खिशात, वर प्लास्टिकची पिशवी. आणखी काय करू?”

मी म्हटलं, पिशवी दाखवा. त्यांनी काढून दिली. दुधाची रिकामी पिशवी, स्वच्छ धुतलेली, तोंडाला रबर. ती मी उलटी केली. आतल्या बाजूला बारीक थेंब धरले होते, गरम भाताच्या डब्याच्या झाकणाला धरतात तसे. बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. काकांनी तोंड वाकडं केलं, पण गोष्ट त्यांच्याही लक्षात आली. पाऊस बाहेरच थांबला होता. आत होता तो घाम.

चिपळुणात दुकान चालवणाऱ्याला ओलाव्याचं नवल नसावं, पण तोवर मीही प्रत्येक भिजक्या मोबाईलला ‘पाणी गेलंय’ एवढंच म्हणायचो. पाणी आणि घाम यांतला फरक त्या पिशवीने शिकवला. आता दर जूनमध्ये गिऱ्हाइकांना तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

मीठ आत असेल तर फोन वाळतच नाही

पावसाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं. ते पोर्टात गेलं आणि वेळीच वाळलं, तर बहुतेकदा मागे काही उरत नाही. घामात मात्र लिटरला काही ग्रॅम मीठ असतं, शिवाय लॅक्टिक आम्ल, युरिया आणि अंगावरचं तेल. पाणी उडून जातं, मीठ पोर्टात राहतं.

आणि ते गप्प बसत नाही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. मे महिन्यात मोकळं सळसळणारं मीठ जुलैत ओलं गच्च होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळायला लागतं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता कित्येक दिवस ८० ते ९० टक्क्यांवर असते. म्हणजे पोर्टाच्या तळाशी मिठाचा पातळसा थर असेल, तर तुम्ही फोन कितीही पंख्याखाली धरा, तो पुन्हा सादळणारच. ‘भाऊ, फोन कोरडा ठणठणीत आहे, तरी ओलावा दाखवतोय’ असं दिवसातून दोघे तरी सांगतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. फोन खोटं बोलत नसतो. तो पोर्टातल्या काही पिनांवर अगदी बारीकसा विद्युतदाब देऊन त्यांच्यातून करंट निसटतोय का ते तपासत असतो. ओलं मीठ तो करंट जाऊ देतं.

आता तिसरी गोष्ट, चार्जर. सी टाईप पोर्टात वर १२ आणि खाली १२ अशा २४ पिनांच्या जागा असतात. त्यांत टोकापासून चौथ्या जागेवरची पिन चार्जिंगच्या पॉझिटिव्हची. ओलाव्याने गेलेलं पोर्ट मायक्रोस्कोपखाली धरलं की मी आधी तीच बघतो, आणि बहुतेक वेळा हिरवी तीच झालेली असते. चार्जर जोडलेला नसतो तेव्हा त्या पिनेवर करंट नसतो. जोडला की ५ व्होल्ट, फास्ट चार्जिंग असेल तर ९ किंवा त्याहून जास्त. खाऱ्या ओलाव्यात हा दाब मिळाला की पॉझिटिव्ह पिनेचा धातू विरघळून शेजारच्या पिनेकडे सरकायला लागतो. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून तांब्याचा मुलामा चढवायचा प्रयोग केला असेल, तोच इथे चालतो, फक्त आपल्याला नको त्या जागी. पाचव्या जागेवरची शेजारीण ही चार्जर आणि फोन यांचं बोलणं करून देणारी पिन. ती बिघडली की आधी फास्ट चार्जिंग जातं, मग वायर एका बाजूने धरते आणि उलटी घातली की धरत नाही. ‘उलटसुलट घालून बघतो, एका बाजूने चालतं’ असं कुणी म्हणालं की मी पोर्ट उघडायच्या आधीच ओळखतो.

या पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. पितळेच्या पातेल्याची कल्हई समजा. कल्हई शाबूत आहे तोवर आत ताक ठेवा, काही होत नाही. कल्हई उडाली की ताक कळकतं. वायर हजार वेळा घालून-काढून मुलामा झिजतो, आणि मग पिना कळकायला वेळ लागत नाही.

तर पाणी, मीठ आणि करंट एकत्र आले की पोर्ट मरतं. कोकणातल्या पावसाळ्यात पाणी हटवणं आपल्या हातात नाही, तो नाद सोडा. मीठ पुसून काढणं आणि ओल्या पोर्टाला करंट न देणं, एवढं मात्र आपल्याला जमतं.

काकांच्या घरची वायर

पिशवीचा उलगडा झाला तरी मला एक गोष्ट खटकत होती. मी बसवलेलं नवं पोर्ट दर वेळी पुढच्याच पावसाळ्यात जात होतं. नुसत्या घामाने इतक्या लवकर जायला नको. मी काकांना म्हटलं, उद्या येताना घरचा चार्जर आणि वायर घेऊन या.

वायर आणली. टोक मायक्रोस्कोपखाली धरलं तर आतल्या पिना काळ्या-हिरव्या. दोन पिनांच्या मध्ये चॉकलेटी पापुद्रा. विचारपूस केल्यावर कळलं, की चार्जर खिडकीशेजारच्या बोर्डाला बारा महिने लावलेला, बटण कायम चालू, वायर खाली लोंबकळत, आणि पावसात खिडकीतून झड येते.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ज्या वायरचं चार्जरकडचं टोक जुन्या पद्धतीचं चपटं, चौकोनी असतं, तिच्या दुसऱ्या टोकावर बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्ट असतात, फोन जोडलेला असो वा नसो. दोन्ही टोकं सी टाईपची असतील तर समोर फोन आहे हे कळल्याशिवाय चार्जर करंट सोडत नाही. काकांची वायर पहिल्या प्रकारची. म्हणजे ती दिवसभर झडीत भिजत, करंट खात, एकटीच सडत होती. रात्री तीच सडकी पिन मी बसवलेल्या नव्या कोऱ्या पोर्टात जायची. कळकलेल्या पिनेचा स्पर्श नीट होत नाही, तिथे ती तापते, नव्या पिनेची कल्हई जाळते आणि स्वतःची घाण तिला देते. तीन वर्षं मी रोगी बरा करून त्याच अंथरुणात परत पाठवत होतो.

म्हणून पोर्ट बदलायला याल तर वायर सोबत आणा. दुकानदाराने मागितली नाही तरी दाखवा. टोकात मोबाईलचा टॉर्च मारून स्वतःही बघता येतं. सगळ्या पिना एकसारख्या पिवळ्या किंवा चंदेरी दिसायला हव्यात. एखादी जरी काळी दिसली तरी ती वायर कात्रीने कापून टाका, नाहीतर घरातलं कुणीतरी ती पुन्हा उचलून लावणारच.

पोर्ट घरी साफ करायचं असेल तर

करता येतं, फार अवघड नाही. फोन बंद करा. पोर्ट खाली धरून तळहातावर हलकेच आपटा. मग पोर्ट खालीच राहील असा फोन टेकवून पंख्याच्या वाऱ्यात अर्धा तास ठेवा. एवढ्याने सूचना गेली तर उत्तम. कधीकधी पूर्ण वाळायला अख्खा दिवस लागतो. तोवर चार्ज करायची वेळच आली आणि तुमच्या फोनला वायरलेस चार्जिंगची सोय असेल, तर फोनची पाठ पुसून त्यावर ठेवा. ओल्या पोर्टात वायर घालून ‘सूचना बाजूला सारा’चं बटण दाबू नका. ते बटण अडीअडचणीसाठी आहे, रोजच्या सवयीसाठी नाही.

दोन दिवसांनीही सूचना तशीच असेल तर आत मीठ बसलंय असं धरा. त्यावर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात आयपीए मागितलं की बाटली मिळते. मऊ केसांचा बारीक ब्रश त्यात बुडवायचा, झटकायचा, आणि पोर्टात हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवायचा. ब्रशला काळपट-हिरवट रंग लागला तर स्वच्छ फडक्याला पुसून पुन्हा. मग पोर्ट खाली करून पंधरा-वीस मिनिटं उडून जाऊ द्या. हे द्रव पेट घेतं, तेव्हा शेजारी गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको, आणि पूर्ण उडाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही.

आयपीए नाही म्हणून सॅनिटायझर वापरणारे मला दर आठवड्याला भेटतात. सॅनिटायझरमध्ये पाणी असतं आणि हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनही असतं. ते ग्लिसरीन पोर्टात चिकट होऊन बसतं आणि हवेतला ओलावा ओढतं. म्हणजे मीठ काढायला गेलात आणि आत गुळाचा पाक ओतून आलात. अत्तर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव, तेही नको, प्लास्टिक विरघळतं. टाचणी, सुई, सेफ्टीपिन तर हातात सुद्धा घेऊ नका. सी टाईप पोर्टाच्या मधोमध जी चपटी जीभ असते, ती एकदा मोडली की साफसफाईचा प्रश्नच मिटतो. कापूसही नको, त्याचे धागे आत अडकून तेच ओलावा धरून बसतात.

साफ करून, वाळवून, नवी वायर लावूनही काही अँड्रॉइड फोन सूचना सोडत नाहीत. सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत सिस्टीमची ॲप्स दाखवायला सांगा, ‘यूएसबी सेटिंग्ज’ नावाचं असेल तर त्याची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, पुसा आणि फोन बंद करून चालू करा. जुनी सूचना डोक्यात धरून बसलेला फोन कधीकधी एवढ्याने मोकळा होतो. नाही झाला तर पिना गेल्या, दुकान गाठा.

तांदूळ

तांदळाबद्दल लिहायलाच हवं, कारण दहातले सात जण फोन तांदळाच्या डब्यातून थेट माझ्याकडे आणतात. कच्चा तांदूळ हवेतला ओलावा शोषतो, पण फार हळू आणि फार थोडा. आमच्याकडे जुलैत तांदूळ स्वतःच सादळलेला असतो, डब्यात कडुलिंबाचा पाला घालून सांभाळावा लागतो. तो फोनला काय वाळवणार? नुसता टेबलावर पंख्याखाली ठेवलेला फोन त्याहून लवकर वाळतो. ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये तांदळाची पिशवी वापरू नका, कण आत जाऊन नुकसान होतं, असं स्पष्ट लिहिलंय. मी एका फोनच्या हेडफोनच्या भोकातून तांदळाची कणी काढली होती. आतल्या पाण्याने ती फुगून इतकी घट्ट बसली होती, की चिमट्याने तुकडे करून बाहेर काढावी लागली. फोन चालू झाला, हेडफोनचं भोक काही वाचलं नाही.

डब्याची कल्पना मात्र वाईट नाही, फक्त आत तांदळाऐवजी सिलिका जेल घाला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दोन-अडीचशे ग्रॅम जेल, त्यावर फडकं, त्यावर पोर्ट खाली करून फोन, रात्रभर. नारिंगी रंगाचे दाणे मिळतात, ओलावा भरला की हिरवट होतात, मंद आचेवर किंवा ओव्हनला १२० अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा नारिंगी. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्टचं क्षार असतं, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ ते नको. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या जपून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की वर्षभर उघड्यावर पडलेली पुडी आधीच पोट भरून बसलेली असते.

केस वाळवायचं यंत्र वापरू नका. गरम वारा पाणी बाहेर काढण्याऐवजी आणखी आत ढकलतो, आणि फोनची पाठ ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो गोंद सैल करतो.

‘पण माझा फोन तर वॉटरप्रूफ आहे’

खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असतं. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे १ मीटर खोल साध्या पाण्यात ३० मिनिटं. ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगेल तसं. ही चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, गोड्या, स्थिर पाण्यात होते. समुद्राचं पाणी, घाम, सोलकढी, साबणाचं पाणी, बाथरूममधली वाफ यांचा त्या आकड्यांत हिशेब नाही. दोन वर्षांत गोंद सुकतो, फोन एकदा पडला की कडेला केसाएवढी फट पडते, आणि आमच्यासारख्याने एकदा उघडला की कारखान्यातलं सील गेलं ते गेलंच. पुन्हा गोंद लावून देतो आम्ही, पण आयपी ६८ ची हमी माझ्याकडे मागू नका. पाण्याने झालेली नासाडी बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हेही बघून ठेवा. सिमच्या खाचेत आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला आधी तोच बघतो.

शिवाय आत-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून अशा फोनमध्ये एक झरोका असतो. त्यावरच्या पडद्यातून पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जाते. म्हणून एसी डब्यातून किंवा एसी गाडीतून उतरलात की कॅमेऱ्याच्या काचेत आतून धुकं धरतं. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव बसतं, आणि २३ अंशांच्या एसीतून आलेला फोन त्यातलाच एक. आखातात असलेल्या आमच्याकडच्या पोरांना हा अनुभव रोजचा. यावर उपाय एवढाच, की उतरायच्या आधी फोन बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवायचा आणि सावकाश गरम होऊ द्यायचा. दव असताना चार्जर लावायचा नाही. धुकं तासाभरात गेलं तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशीही काचेत दिसलं तर आत पाणी साठलंय.

बॅटरी फुगली, घामाने?

नाही. हा आळ घामावर फार वेळा येतो. मोबाईलची बॅटरी ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याच्या बंद पाकिटात असते. पाकीट शाबूत असेल तर घाम आत जात नाही. बॅटरी फुगते ती आतल्या द्रवाचं विघटन होऊन गॅस झाल्यामुळे, आणि त्याला कारण उष्णता, वय, हलका चार्जर आणि तापलेल्या अवस्थेत रात्रभर १०० टक्क्यांवर टांगून ठेवणं. घामाचा संबंध आडून येतो. पोर्ट कळकलं की तिथे वीज अडते, तिथेच तापतं, चार्जिंगला दुप्पट वेळ लागतो, म्हणून माणूस फोन उशीखाली लावून झोपतो. मग जाड सिलिकॉनच्या कव्हरात फोन भाजत राहतो.

ओलावा बॅटरीचं नुकसान करतो तो तिच्या जोडणीवर. बोर्डाला जोडणाऱ्या बारीक पट्टीवर कळंक आला की टक्केवारी उड्या मारते. चाळीसवरून एकदम बारा, किंवा तीस टक्के असताना फोन बंद आणि चार्जर लावताच पुन्हा तीस. बॅटरी जुनी झाली तरी असंच होतं, म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी ती जोडणी साफ करून बघायला सांगा. पाचपैकी एखाद्याचे तरी पैसे वाचतात असा माझा अंदाज. ज्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आणि काढता येणारी बॅटरी आहे, त्यांनी बॅटरी काढून तिचे सोनेरी ठिपके कोरड्या फडक्याने पुसावेत. खोडरबर घासायची जुनी युक्ती चालते, पण दर वेळी थोडी कल्हई जाते, तेव्हा वर्षातून एकदाच.

फुगलेली बॅटरी ओळखायला सोपी. स्क्रीन कडेने उचलली जाते, मागचं झाकण गादीसारखं लागतं, टेबलावर ठेवून बोटाने ढकलला तर फोन गरगर फिरतो. असं दिसलं की फोन बंद, चार्जिंग बंद. टाचणीने हवा काढायचा विचारही करू नका. आतल्या क्षाराला हवेतल्या ओलाव्याची गाठ पडली की विषारी आणि जाळणारा वायू होतो, आणि भोक पडता पडता आग लागते ती वेगळीच. दुकानात आणून द्या. घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथेच ती पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्या जमा करता येतात.

पूर्ण बुडालाच तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतरचे कित्येक दिवस मी फक्त चिखलातले फोन उघडत होतो. एका घरातले दोन फोन आले, एकाच मॉडेलचे, एकाच कपाटात बुडालेले. एकाची बॅटरी पुराआधीच संपलेली होती. दुसरा ऐंशी टक्के चार्ज होता, आणि पाण्यातून काढल्यावर घरच्यांनी तो चारदा चालू करून बघितला होता. पहिला धुऊन चालू झाला. दुसऱ्याच्या बोर्डावर बॅटरीच्या जोडणीपाशी हिरवं शेत उगवलं होतं. चिखल दोन्हींत सारखाच, करंट फक्त एकात.

म्हणून बुडालेला फोन लगेच बंद करा आणि चालू होतो का ते बघू नका. हलवू नका, सिमचा ट्रे काढा, पोर्ट खाली करा, आणि त्याच दिवशी दुकानात आणा. फोन बंद असला तरी बॅटरीचा दाब बोर्डाच्या काही भागांवर राहतोच, म्हणून आम्ही उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरी सोडवतो. मग बोर्डावरच्या पत्र्याच्या टोप्या काढून आयपीएने धुतो. खाऱ्या पाण्यातून आलेला फोन तीन दिवस तांदळात ठेवून चौथ्या दिवशी आणलात, तर मी फक्त मान हलवू शकतो.

खिशात कसा ठेवायचा

प्लास्टिकच्या पिशवीत अंगालगत ठेवू नका, एवढं पाळलंत तरी अर्धं काम झालं. पाऊस फार असेल तर पिशवी चालेल, पण आधी फोन सुती रुमालात गुंडाळा, आणि दोन तासांनी पिशवी उघडून रुमाल बदला. खिशात फोन पोर्ट वर करून ठेवा. घाम ओघळून खिशाच्या तळाशी साठतो आणि आपण सवयीने पोर्ट नेमकं खाली घालतो. ब्लाउजमध्ये किंवा कमरेला फोन खोचून भाताच्या लावणीला उतरणाऱ्या बायकांनाही हेच सांगतो. एकदा एका मावशींनी रुमालाऐवजी जुन्या बनियनची पिशवी शिवून आणली. माझ्या रुमालापेक्षा ती बरी, कारण तिला नाडी होती.

संध्याकाळी कव्हर काढायचं, फोन आणि कव्हर दोन्ही ओलसर फडक्याने पुसायचे, मग कोरड्याने. ओलसर फडकं मुद्दाम सांगतोय. कोरड्या फडक्याने मीठ नुसतं पसरतं, पाण्याने ते निघतं. कानाजवळच्या जाळीवर तेल-घाम बसून आवाज बारीक होतो, तिथे कोरडा मऊ ब्रश. रबरी बुचं पोर्टाला लावायची असतील तर कोरड्या पोर्टालाच, ओल्याला बूच म्हणजे लोणच्याची बरणी. कानातल्या बड्सच्या डबीतले ते दोन-तीन सोनेरी टिपकेही पुसा, पळायला जाणाऱ्यांचे तेच आधी हिरवे होतात. आणि घरी आल्या आल्या फोन चार्जिंगला लावायची सवय मोडा. आधी हातपाय धुवा, चहा घ्या, फोन पंख्याखाली राहू द्या.

काकांनी नवी वायर घेतली, खिडकीपाशी चार्जर ठेवायचं सोडलं, आणि दुधाच्या पिशवीऐवजी बायकोकडून सुती पिशवी शिवून घेतली. यंदा ऑगस्टमध्ये पुन्हा दुकानात आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. स्क्रीनची काच फुटली होती, शिडीवरून पडून. मी आधी पोर्टात टॉर्च मारला. चौथ्या जागेवरची पिन पिवळीधमक.

“तिथे काय बघतोस?” काका म्हणाले. “काच कधी मिळेल ते सांग.”